कुप्पैमामीची कूडै

वसंताला तीन नावं होती. लग्नाच्या पत्रिकेत वसंता, सासूच्या तोंडी वसू, आणि चेन्नईतल्या अड्यारच्या त्या चार मजली इमारतीत तिची पाठ वळली रे वळली की कुप्पैमामी.

कुप्पै म्हणजे तमिळमध्ये कचरा. नाव कुणी पाडलं ते कुणी कबूल करत नसे, पण पाडणाऱ्याला दोष तरी कसा द्यावा? ही बाई सकाळी फिरायला निघायची ती रिकाम्या हातांनी आणि परतायची ती दोन्ही काखांत बाटल्या मारून. लग्नाच्या पंगतीत लोक पायसमची चव घेत, हिचा डोळा टेबलाखालच्या पाण्याच्या बाटल्यांवर. त्यातून गंमत अशी की तिचा नवरा वेंकट गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, आणि त्या कारखान्यात बनायचं काय, तर दुधाच्या पिशव्यांचं प्लास्टिक! नवरा आठवडाभर बनवी आणि बायको शनिवारी निस्तरी. असली जोडी देवच जमवू जाणे, माणसाला एवढं सुचत नाही.

दर शनिवारी गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत तिचा वर्ग भरे. इमारतीतली डझनभर पोरं. व्याख्यान नाही, घोषणा नाहीत, रडणाऱ्या पृथ्वीचं चित्र नाही. हातात कात्री द्यायची आणि कामाला जुंपायचं, एवढीच वसंताची पद्धत. झाकणांच्या सोंगट्या झाल्या, बाटल्यांच्या कुंड्या झाल्या, पण वर्गाचा खरा जीव होता दुधाच्या पिशव्यांवर. त्या इमारतीत रात्री प्रत्येक दाराच्या कडीला एक कापडी झोळी टांगलेली असे, आणि पहाटे दूधवाला तीत दुधाच्या पिशव्या टाकून जाई. कुणाची निळी, कुणाची हिरवी, कुणाची नारिंगी.

वर्गाचा पहिला नियम होता, कोपरा कापायचा नाही. कोपरा कापून टाकला की तो नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, मोरीतून नाल्यात आणि नाल्यातून समुद्रात जातो. म्हणून वरच्या कडेला चीर द्यायची आणि तुकडा पिशवीलाच राहू द्यायचा. पोरांनी हा नियम असा काही मनावर घेतला की इमारतीत पोलिसांची गरज उरली नाही. आठ वर्षांची दिव्यश्री, जिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते, ती सकाळी सकाळी कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून कचऱ्याचा डबा उपडा करी. तिने खुद्द आपल्या आजोबांना कापलेल्या कोपऱ्यासकट पकडलं आणि गच्चीवर आणून पोरांपुढे माफी मागायला लावली. आजोबा माजी न्यायाधीश होते. त्यांनी शिक्षा निमूट भोगली.

या धुतलेल्या, वाळवलेल्या पिशव्यांची वर्ग एक कूडै विणत होता. कूडै म्हणजे टोपली. रंगीत प्लास्टिकच्या वायरची कूडै चेन्नईत घरोघर असते, भाजी आणायला तीच आणि डबा न्यायलाही तीच. वसंताच्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, लग्नाआधी तंजावरला अशा कूडै विणून गावभर वाटत. वायरीऐवजी पिशव्यांच्या घड्या घातलेल्या पट्ट्या घ्यायच्या, ही कल्पना सुनेची, पण गाठी सगळ्या सासूच्या.

“अगे, ही शिवाच्या डोळ्याची गाठ,” त्या पोरांच्या बोटांना चिमटे काढत आपल्या तंजावरी मराठीत शिकवत; अस्कं म्हणजे सगळं. “अस्कं सोड, हें धरून ठेव. ढिली पडली तं देवाचा डोळा मिटट्ला म्हणायचें.”

सगळं असं छान चाललं होतं, फक्त एक माणूस त्या खोलीत कधी पाऊल ठेवत नसे, आणि तेच वसंताला सगळ्यात जास्त हवं होतं. तिची स्वतःची मुलगी, श्रीनिधी.

श्रीनिधी बारा वर्षांची होती, म्हणजे ज्या वयात आईचं नुसतं मोठ्याने हसणंसुद्धा लाज आणतं त्या वयाची. इथे तर आई रस्त्यात वाकून शांपूच्या पुड्या उचलत होती. शाळेच्या बसमध्ये पोरं तिला ‘कुप्पैकुट्टी’ म्हणू लागली, कचऱ्याचं पिल्लू. ती घरी आली की खोलीचं दार जरा जोरात लावी. वसंताला ते दार छातीवर आदळल्यासारखं लागे.

आणि अशातच पिळ्ळैयार चतुर्थी, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली. इमारतीच्या मागे पिंपळाखाली गणपतीचं लहानसं देऊळ होतं आणि दर चतुर्थीला त्याच्यापुढे एकवीस नारळ फोडायची रीत होती. हातात धरून हळूच नव्हे, तर दगडावर आपटून, ठिकऱ्या उडवून. त्या ठिकऱ्या वेचायला पोरांची जी झुंबड उडते, तिच्यापुढे देवाची आरतीसुद्धा फिकी. नारळ फाटकाशी उतरत आणि तिथून पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांतून देवळापर्यंत जात. त्या पिशव्या मग आठवडाभर पिंपळाभोवती गरबा खेळत.

इमारतीच्या सभेत वसंता उभी राहिली आणि म्हणाली, “यंदा नारळ आमच्या कूडैतून न्यायचे.”

सेक्रेटरी त्रिपुरसुंदरीमामींनी चष्मा नाकावर सरकवला. बाई मनाने वाईट नव्हती, पण तिच्या हातून गेल्याशिवाय इमारतीत पानही हलू नये असा तिचा आग्रह होता. “दुधाच्या पिशव्यांची ना?” त्या तमिळमध्ये म्हणाल्या. “कढीपत्ता न्यायला ठीक आहे. एकवीस नारळ घातले तर कडी हातात राहील आणि नारळ पायावर.”

सभा हसली. आणि वसंताने उचलली जीभ लावली टाळ्याला. “एकवीसच्या एकवीस जातील. मी स्वतः उचलून नेईन, सगळ्यांसमोर!”

त्या संध्याकाळी श्रीनिधी आपणहून स्वयंपाकघरात आली. असं कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

“अम्मा, सगळ्यांसमोर ती तुटली तर?”

“नाही तुटायची.”

“पण तुटली तर? मी शाळेत कशी जाऊ, अम्मा?”

वसंताने तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते ती गिळत होती. वसंता गॅस बंद करून म्हणाली, “तुटली तर वर्ग बंद. कायमचा. मग रस्त्यातलं काही उचलणार नाही मी, तुझ्या गळ्याची शप्पथ.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

श्रीनिधीचा चेहरा असा उजळला की वसंताला पुन्हा गॅस पेटवायला काडीच सापडेना.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी कूडै जवळजवळ झाली होती. तळ झाला, चारी बाजू झाल्या, निळ्यात हिरव्या चौकटी आणि काठाला नारिंगी. राहिल्या होत्या फक्त दोन कड्या. पण सगळा भार कड्यांवरच, म्हणून त्यांच्यासाठी सगळ्यात जाड, निवडक पिशव्या वसंताने वेगळ्या पोत्यात भरून बाल्कनीत ठेवल्या होत्या. ती पोतं आणायला गेली, तर बाल्कनी कशी लख्ख झाडलेली आणि मधोमध एक कोरी करकरीत जांभळी प्लास्टिकची बादली.

“बघितलीस?” वेंकट हात पुसत अभिमानाने आला. “सणाचं घर आवरलं. तो पळैय पेप्पर, भंगारवाला आला होता. तुझं ते कचऱ्याचं पोतं दिलं, त्याने बदल्यात बादली दिली!”

वसंताला हसू आलं की रडू ते तिला स्वतःलाच कळलं नाही. जुनं प्लास्टिक देऊन नवं प्लास्टिक घरात आणायचं, आणि तेही कुणी, तर तिच्या नवऱ्याने! ती जमिनीवर बसली आणि बादलीला मिठी मारून खदखदा हसायला लागली. वेंकटला वाटलं, बायको फार खूश झाली. मग त्याला पोत्यात काय होतं ते कळलं, आणि तो बिचारा पायात एक चप्पल घालून भंगारवाल्याच्या मागे थेट तिरुवल्लिकेणीपर्यंत जाऊन आला. भंगारवाला मिळाला नाही. दुसरी चप्पल बसमध्ये राहिली असं तो म्हणाला, पण ती दारातच होती.

“आत्याबाई, संपलं,” वसंता सासूला म्हणाली. “आता कुठून आणू पिशव्या? सकाळी नारळ येतील.”

“अगे, रडतीस कां?” अन्नपूर्णाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “देवाला कडी नक्को, भक्ती पुरे.”

“देवाला पुरेल हो. त्रिपुरसुंदरीमामींना नाही पुरायची.” वसंताने डोळे पुसले. “जाऊ दे. बरंच झालं म्हणायचं. माझ्या पोरीला या कचऱ्यातून सुटका मिळाली. आता उद्यापासून ती माझ्याबरोबर रस्त्याने चालेल तरी.”

आतल्या खोलीचं दार किंचित उघडं होतं. ते आज आवाज न करता लागलं.

सकाळी वसंताला जाग आली ती आरडाओरड्याने. पहिल्या मजल्यावरून कुणीतरी ओरडत होतं, “पाल! पाल!” घरात पाल निघाली असेल म्हणून ती पुन्हा कुशीवर वळणार, तोच दुसऱ्या मजल्यावरूनही “पाल!” मग तिसऱ्या. मग तिच्या ध्यानात आलं की ही तमिळमधली पाल, म्हणजे दूध. इमारतीत दूध नव्हतं. एकाही दाराला नव्हतं. झोळ्या होत्या, पण सगळ्या रिकाम्या, भुकेल्या तोंडासारख्या उघड्या.

आता चेन्नईतल्या माणसाला पाणी नसलं तर तो टँकर बोलावतो, वीज गेली तर गच्चीवर झोपतो, पण सकाळची फिल्टर कॉफी नसली तर त्याचं काय करावं हे कुठल्याच शास्त्रात सांगितलेलं नाही. धोतरासारखी वेष्टी सावरत पुरुष जिन्यात आले, केस न विंचरता बायका आल्या. माजी न्यायाधीश कठड्याला धरून उभे होते, डोळे मिटलेले, तोंडाने फक्त “डिकाक्शन तयार आहे, डिकाक्शन तयार आहे” असा कॉफीच्या काळ्या अर्काचा जप. त्रिपुरसुंदरीमामी हातात रिकामी झोळी झेंड्यासारखी धरून ओरडत होत्या, “चोर! चोर!”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, वसंताने चोरी केली नव्हती तरी तिच्या मनात लख्ख दिवस उगवला. ती दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर पोचली.

गच्चीवर जत्रा भरली होती. मधोमध लग्नाकार्याचा पितळी अंडा, म्हणजे माणूस बसेल एवढं पातेलं, काठोकाठ दुधाने भरलेला, वर साडी झाकलेली. कपडे वाळवायच्या दोरीवर शेकडो पिशव्या चिमट्यांनी टांगलेल्या, निळ्या, हिरव्या, नारिंगी, जणू सगळ्या देशांचे झेंडे. खाली दोन टेबलफॅन घरघरत होते. दहा वर्षांचा रघु एका हाताने पिशवी फुगवत दुसऱ्या हाताने तिच्यात हेअर ड्रायर सोडत होता. कात्र्या चालल्या होत्या, पट्ट्या पडत होत्या, आणि दिव्यश्री नारळाच्या झाडूच्या काडीने मोजून ओरडत होती, “लाँग वन! लाँग वन! शॉर्ट रिजेक्ट!”

“हे काय केलंत रे?” वसंताचा आवाज चिरकला.

“मामी, चोरी नाही!” दिव्यश्री पडलेल्या दातांतून फसफसत म्हणाली. “दूध सगळं सेफ आहे. एक ड्रॉपसुद्धा सांडला नाही. आणि कोपरा एकही नाही कापला! पिशव्या रात्रीपर्यंत रिकाम्या होणारच होत्या ना, मग आम्ही सकाळीच केल्या.”

“निळं, हिरवं, नारिंगी सगळं एकाच भांड्यात?”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. पाणचट निळं आणि साय धरणारं नारिंगी, डॉक्टरने सांगितलेलं आणि डॉक्टरपासून लपवलेलं, अख्ख्या इमारतीचं दूध एक झालं होतं.

“आणि हा ड्रायर? हा तर श्रीनिधीचा! ती कुणाला हातसुद्धा लावू देत नाही. तिला न विचारता आणलात?”

रघुने आकाशाकडे पाहिलं. सगळ्यांनीच आकाशाकडे पाहिलं.

कूडै टाकीशी टेकवून ठेवली होती, आणि तिला एक कडी लागलेलीही होती. वसंताने ती हातात घेऊन निरखली. पट्ट्यांची वेणी होती, केसांची घालतात तशी, पण तिपेडी नव्हे, सहापेडी, इतकी घट्ट की नख शिरणार नाही. टोकं शिवाच्या डोळ्याच्या गाठीने आत ओवलेली.

“ही कुणी घातली?”

आकाश अजून तिथेच होतं. पोरं पुन्हा बघू लागली.

विचारत बसायला वेळ नव्हता, कारण जिन्यातून अख्खी इमारत वर येत होती. सगळ्यांत पुढे त्रिपुरसुंदरीमामी. अंडा बघितला, दोरी बघितली, आणि त्यांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. आता स्फोट होणार, तेवढ्यात मागून अन्नपूर्णाबाई आल्या, हातात भलामोठा डाव.

“अस्के गप्प बसा!” त्या मराठीत म्हणाल्या, आणि भाषा न कळूनही सगळे बसले. मग तमिळमध्ये, “कॉफीशिवाय भांडण करायचं नाही. डोकं दुखतं. जा, ज्याच्या त्याच्या घरचं डिकाक्शन आणा, आपापले टंब्लर आणा. वेंकट, तो मोठा स्टोव्ह आण.”

आणि मग जे झालं ते त्या इमारतीत कधी झालं नव्हतं. सत्तेचाळीस घरांची डिकाक्शनं एका पातेल्यात ओतली गेली, कुणाची चिकोरीची, कुणाची बिनचिकोरीची, कुणाची तर कालची. अन्नपूर्णाबाई डावाने हात हातभर उंच धार धरत होत्या, फेस उडत होता, आणि जो पहिला घोट घेई त्याचा चेहरा बदलून जाई. न्यायाधीश आजोबांना डॉक्टरांनी साईचं दूध बंद केलं होतं. त्यांनी एक घोट घेतला, डोळे उघडले, आणि दुसरा टंब्लर पुढे केला. “मिश्रण आहे, माझा नाइलाज आहे,” ते बायकोला म्हणाले. त्रिपुरसुंदरीमामींनी एक प्यायली, मग कुणी बघत नाही असं पाहून दुसरी.

इकडे वसंता खाली मान घालून दुसरी कडी विणत होती, तिपेडी, कारण सहापेडीला वेळच नव्हता. पोरं पट्ट्या हातात देत होती. ती मनातल्या मनात म्हणत होती, ही तरी टिकू दे रे पिळ्ळैयारा. पण टिकली तर पोरगी पुन्हा दार आपटणार, हेही तिला कळत होतं, आणि बोटं तरी थांबत नव्हती.

नारळ आले. फाटकाशी सगळी इमारत गोळा झाली, पोटात गरम कॉफी, चेहऱ्यावर सणाचं हसू. दिव्यश्री एकेक नारळ कूडैत ठेवत मोठ्याने मोजत होती. एकविसावा ठेवला तेव्हा कूडैचं पोट गणपतीसारखं दिसू लागलं.

“थांबा,” त्रिपुरसुंदरीमामी म्हणाल्या. “कॉफी छान होती, ते वेगळं. पण देवाचे नारळ उचलण्याआधी मला कळलं पाहिजे. पहाटे दारोदार जाऊन दूध काढायची ही अक्कल कुणाची?”

पोरांनी पुन्हा आकाश गाठलं. वसंता म्हणणारच होती, “माझी,” आणि ते म्हणायला तिने तोंड उघडलंही होतं.

“माझी,” मागून कुणीतरी म्हणालं.

गर्दी बाजूला झाली. श्रीनिधी पुढे आली. नवा परकरासारखा पावडै, दोन वेण्या, आणि दहाही बोटांना प्लास्टिकच्या कडांनी कापलेल्या बारीक लाल रेघा.

“तुझी?” मामी चकित झाल्या. “तू तर त्या वर्गाला जातसुद्धा नाहीस!”

“आजपासून जाते,” श्रीनिधी म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण मोठा होता, शाळेच्या बसमधल्या दोन मुली तिसऱ्या मजल्यावरून ऐकतील एवढा मोठा. “मी कुप्पैमामीची मुलगी आहे, मामी. आणि दूध कुठे चोरलं? ते तर तुम्ही दोन टंब्लर प्यायलात!”

हसण्याचा असा काही स्फोट झाला की पिंपळावरचे कावळे उडाले. त्रिपुरसुंदरीमामींनी पदर तोंडाला लावला, पण खांदे गदगदत होते ते सगळ्यांना दिसलं.

श्रीनिधी कूडैपाशी आली आणि तिने एक कडी धरली. वसंताने दुसरी. दोघींनी उचललं. कूडै करकरली, सगळ्यांनी श्वास रोखला, वेंकटने तर डोळेच झाकले. आणि ती उठली! एकवीस नारळ घेऊन, झुलत झुलत, जमिनीपासून हातभर वर. पोरांनी आरोळी ठोकली आणि पुढे मागे नाचायला लागली.

अर्ध्या वाटेवर वसंता हळूच म्हणाली, “श्रीनिधी, तुटली असती तर मी वर्ग बंद केला असता. तुझ्या गळ्याची शप्पथ घेतली होती. मग तू कशाला...?”

“माहीत आहे,” श्रीनिधी पुढे बघत म्हणाली. “म्हणून तर माझ्या बाजूची सहापेडी घातली.”

नारळ तिथेच खाली ठेवून लेकीला उराशी धरावं असं वसंताला वाटलं. पण खाली ठेवलं तर पैज हरल्यासारखं झालं असतं, म्हणून ती तशीच रडत, हसत, एका हाताने नाक पुसत पिंपळापर्यंत चालत राहिली.